शेअर बाजार पडला, विकून टाकू काय? आधी पैशाची तारीख पाहा

मागच्या आठवड्यात पानठेल्यावर आमच्या गावातल्या एका पोरानं मोबाइल माझ्यासमोर धरला, स्क्रीन सगळी लाल. कापसाचा चुकारा आला तेव्हा त्यानं त्यातले १ लाख २० हजार एका स्मॉल कॅप फंडात (छोट्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या) टाकले होते आणि आता तिथं ९६ हजार दिसत होते. "भाऊ, विकून टाकू काय? घरी अजून कोनालेच सांगतलं नाई." बोलताना तो ठेल्याकडं पाठ करून उभा होता, कोणी ऐकू नये म्हणून.

मी फंडाचं नाव विचारलं नाही. एवढंच विचारलं, हे पैसे कायचे होते रे? तर म्हणे बियाण्या-खताचे, जूनपर्यंत घरी पडूनच राह्यले असते म्हणून टाकले.

हा एकटा नाही. मोबाइलवर डिमॅट खातं (शेअर ठेवायचं खातं) उघडणं आता सिमकार्ड घेण्याइतकं सोपं झालंय, बाजार वर चालला होता तेव्हा गावागावातून पोरं आली. मग २०२४ च्या सप्टेंबरात ८५ हजारांच्या वर गेलेला सेन्सेक्स मार्च २०२५ च्या सुरुवातीला ७३ हजारांच्या आसपास आला, छोट्या कंपन्यांचे शेअर त्याहून जास्त पडले, अमेरिकेच्या आयातशुल्काच्या बातमीनं ७ एप्रिल २०२५ ला तर एकाच दिवसात २,२२६ अंक गेले, आणि तेव्हापासून प्रत्येक झटक्याला कोणी ना कोणी हाच प्रश्न घेऊन येतं. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय, शेतीच्या हिशोबानं लिहितोय कारण आपल्याले तोच हिशोब पक्का येतो.

सेन्सेक्स पडतो म्हणजे नेमकं काय पडतं

शेअर म्हणजे कंपनीतला छोटा हिस्सा. सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या ३० मोठ्या कंपन्यांच्या भावावरून काढलेला आकडा, निफ्टी तसाच, पण राष्ट्रीय शेअर बाजारातल्या (एनएसई) ५० कंपन्यांचा. म्युच्युअल फंडात खूप लोकांचे पैसे एकत्र करून एक माणूस शेअर घेतो, तुम्हाला त्यातला वाटा युनिट म्हणून मिळतो. एवढं माहीत असलं की पुढचं समजतं.

आता भाव रोज का हलतो? २०२१ चं सोयाबीन आठवा. ऑगस्टमध्ये आपल्या बाजार समित्यांत भाव दहा हजारांवर गेला होता, मग सरकारनं १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, नवीन माल यायला लागला आणि पाहता पाहता भाव पाच-सहा हजारांवर आला. त्या दोन महिन्यांत दाण्यातलं तेल कमी झालं नव्हतं, उद्या माल किती येईल आणि कोण घेईल याचा अंदाज बदलला होता. शेअरचंही हेच आहे, कंपनी पुढं किती कमावेल याचा लाखो लोकांचा अंदाज म्हणजे आजचा भाव. युद्ध, निवडणूक, व्याजदर, परदेशी गुंतवणूकदारांची विक्री, कशानंही तो अंदाज हलतो. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल आला त्या दिवशी सेन्सेक्स ४,३९० अंकांनी पडला, आणि आठवड्याभरात ते भरूनही निघालं. कारखाने तेच होते, माणसं तीच होती.

या वरखाली होण्याला चढउतार म्हणायचं. जोखीम वेगळी. जोखीम म्हणजे पैसा कायमचा जाणं, किंवा ज्या दिवशी तो लागणार त्या दिवशी तो पुरेसा नसणं. चढउतार कोणाच्याच हातात नाही, जोखीम मात्र बऱ्यापैकी आपल्या हातात असते आणि ती ठरते पैसे टाकतानाच, बाजार पडल्यावर नाही.

पडेल भावात कोण विकतो?

आपल्याकडं दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन मातीमोल जातं हे लहान पोरालाही माहीत आहे, तरी लोक तेव्हाच विकतात, कारण मळणीवाला दारात उभा असतो, कृषी केंद्राची उधारी असते, सणाचा खर्च असतो. ज्याच्याकडं घरखर्चाले दुसरा पैसा आहे तो माल ठेवतो. दोघांचा माल एकच, बाजार समिती एकच, फरक एवढाच की एकाले विकणं भाग आहे आणि दुसऱ्याले नाही.

शेअर बाजारात लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं आणि मला हे २०२० मध्ये समजलं. जानेवारीत सेन्सेक्स ४२ हजारांवर होता. माझे फंडात साधारण दोन लाख होते, चांगला फंड होता, घाबरायचं नाही हे मी वाचलेलं होतं आणि घाबरलोही नव्हतो. २३ मार्चला, जनता कर्फ्यूच्या दुसऱ्या दिवशी, बाजार १३ टक्क्यांनी पडला, सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली आला. तेव्हा आमच्या घरात, पुढच्या खोलीत, तीस क्विंटलच्या वर कापूस पडून होता. छतापर्यंत. लॉकडाउन लागलं, खरेदी बंद, जिन बंद. उन्हाळ्यात त्या कापसातल्या किड्यांनी पोरांच्या अंगावर पुरळ उठलं, आम्ही सगळे अंगणात झोपायचो. पेरणी जवळ आली, हातात रोख नाही, वडिलांची औषधं सुरू, आणि मोकळं करता येण्यासारखं एकच होतं ते म्हणजे फंड. दोन लाखाचे एक लाख चौतीस हजार घेऊन मी बाहेर पडलो. त्याच वर्षी नोव्हेंबरात सेन्सेक्स जानेवारीच्या वर गेला होता.

फंड चुकला नव्हता, मी घाबरलोही नव्हतो, माझ्याकडं बाजूला काढलेला पैसा नव्हता एवढंच. आणि पाहा, कापूस आणि फंड दोन्ही एकाच वेळी अडकले, ही गोष्ट पुढं परत येणार आहे.

पैशाले तारीख लावा

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात मोठा सल्ला हाच आहे की पैसे टाकायच्या आधी प्रत्येक रकमेवर तारीख लिहा. खरंच लिहा, वहीवर. जूनचं बियाणं, पोरीची जुलैतली फी, विहिरीची मोटर जळाली तर लागणारे, दोन वर्षांनी बहिणीचं लग्न, दहा वर्षांनी पोराचं शिक्षण.

ज्याची तारीख एका वर्षाच्या आत आहे आणि जो अडीअडचणीचा आहे, तो पैसा शेअर बाजाराच्या जवळही न्यायचा नाही. नोकरदाराले सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा असं सांगतात, पण आपली कमाई महिन्याला येत नाही, वर्षाला येते, ते पण पाऊस-बोंडअळीतून काही उरलं तर, म्हणून कास्तकारानं निदान एक पूर्ण हंगाम निघेल एवढं ठेवावं असं मला वाटतं. हा पैसा बँकेत. बँक बुडाली तरी एका बँकेत एका माणसाचे ५ लाखांपर्यंतचे पैसे ठेव विम्यात सुरक्षित असतात, सहकारी बँकाही त्यात येतात, पण पतसंस्था त्यात येत नाही. हे वाक्य दोनदा वाचा, कारण आपल्या तालुक्याच्या गावांत एक टक्का व्याज जास्त मिळते म्हणून लोक आयुष्याची पुंजी पतसंस्थेत ठेवतात.

दोन ते पाच वर्षांचा पैसा मुदत ठेव, पोस्ट अशा ठिकाणी बरा. सात-आठ वर्षं ज्याले हात लावायची गरजच नाही तो शेअरमध्ये किंवा इक्विटी फंडात, म्हणजे शेअर घेणाऱ्या फंडात, जाऊ शकतो. आणि तिथंही टाकताना असं धरून चालायचं की हे मधातच निम्मे होतील. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर होता, मार्च २००९ मध्ये आठ हजारांच्या आसपास, आणि परत २१ हजार व्हायला २०१० चा नोव्हेंबर उजाडला. पावणेतीन वर्षं. तेवढा काळ निम्म्याहून कमी झालेला आकडा पाहत पेरणी, फी, दवाखाना सगळं चालू राहणार असेल तर ती रक्कम ठीक, नाहीतर रक्कम कमी करा.

पण पीककर्ज तर बिनव्याजी मिळते, ते फिरवलं तर?

हे मला इतक्या जणांनी विचारलंय की वेगळं लिहावं लागतं. आपल्या राज्यात मुदतीत फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्यानं पडतं. मग लोक म्हणतात फुकटचा पैसा आहे, वर्षभर फंडात ठेवू, नफा आपला. अरे पण त्या पैशावर सगळ्यात कडक तारीख लिहिलेली आहे! फेडायच्या वेळी बाजार २० टक्के खाली असला तर तीन लाखाचे दोन लाख चाळीस हजार हातात येतील. साठ हजार कुठून आणणार? नाही भरलं तर व्याजाची सवलत जाते, खातं थकीत होते, पुढच्या हंगामाचं कर्ज अडते आणि माणूस सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो. नफा झाला तर पंधरा-वीस हजार, बिघडलं तर पूर्ण हंगाम. असा सौदा करू नका, कळकळीनं सांगतो.

उधारीवर शेअर घेऊ देणाऱ्या ॲपचंही हेच. तुमचे २५ हजार, त्यांचे ७५ हजार, एक लाखाचे शेअर घेतले. भाव २५ टक्के पडला की तुमचे २५ च्या २५ हजार गेले, आणि ते त्याआधीच तुमचे शेअर विकून मोकळे होतात. म्हणजे पुढं भाव सावरला तरी तुम्ही त्यात नसताच.

एकाच पिकावर सगळं रान नको, पण दहा फंड म्हणजे दहा पिकं नाहीत

पऱ्हाटीत तुरीचं तास टाकायला आपल्याला कोणत्या तज्ज्ञानं शिकवलं नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली तेव्हा ज्याच्या वावरात तूर उभी होती त्याच्या हाती काहीतरी लागलं. गुंतवणुकीतही एका कंपनीवर सगळं लावायचं नाही, हे सगळ्यांनी ऐकलेलं असते.

पण यात एक खोच आहे. परवा एकानं मला सांगितलं की माझी जोखीम वाटलेली आहे, माझ्याकडं सात फंड आहेत. उघडून पाहिले तर सातही स्मॉल कॅप आणि मिड कॅप, म्हणजे छोट्या आणि मधल्या कंपन्यांचे. सात वावरात एकच वाण पेरल्यासारखं झालं ते, अळी आली की सातही वावरं जातील. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे नावावरून ठरत नाही, वाईट दिवस आला की दोन्ही सोबत पडतात की नाही यावरून ठरते. अतिवृष्टीत सोयाबीन आणि कापूस दोन्ही सडतात, म्हणून शेळ्या, दुधाची म्हैस किंवा घरातल्या एकाची नोकरी ही खरी वाटणी. तशी शेअरसोबत मुदत ठेव, पीपीएफ (लांब मुदतीची सरकारी बचत योजना), थोडं सोनं, ही खरी वाटणी. २०२० मध्ये माझा कापूस आणि माझा फंड एकाच लॉकडाउननं अडकवला, त्यातून मी हे शिकलो.

शेअरमध्ये ज्याले फार वेळ नाही त्यानं निफ्टीच्या सगळ्या ५० कंपन्या ठरल्या प्रमाणात घेणारा साधा इंडेक्स फंड घ्यावा, त्यात खर्चही कमी.

"थांबलं की परत येतेच नं?"

नाही, नेहमी येत नाही, आणि हे कोणी स्पष्ट सांगत नाही म्हणून चीड येते. पूर्ण बाजार आणि एक कंपनी यात फरक करा. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होता. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले, खातेदाराला ५० हजारांच्या वर काढता येत नव्हते. सेन्सेक्स त्यानंतर कुठल्या कुठं गेला, तो शेअर ४०० च्या जवळपासही आला नाही. "पडला आहे म्हणजे स्वस्त आहे" म्हणून जे खाली खाली घेत गेले ते अजून वाट पाहत आहेत.

आणि पूर्ण बाजारही लवकर येईलच असं नाही. जपानचा निक्केई १९८९ च्या शेवटी जिथं पोचला होता तिथं परत यायला २०२४ उजाडलं. भारताचं तसं होईल असं मी म्हणत नाही, पण याच्यासाठीच सगळे पैसे एका टोपल्यात नको.

घरी कापूस ठेवण्याचाही आपल्याले अनुभव आहेच. २०२२ मध्ये दहा हजारांच्या वर भाव मिळाला म्हणून पुढच्या वर्षी लोकांनी तोच भाव डोळ्यासमोर धरून कापूस दाबून ठेवला, आणि शेवटी सात-आठ हजारांनी पिवळा पडलेला विकला. आपण ज्या भावानं घेतलं किंवा कधीकाळी जो भाव पाहिला तो बाजाराले माहीत नसते. विचारायचं ते हे की आज हा शेअर माझ्याकडं नसता तर मी आज या भावात घेतला असता काय? उत्तर नाही असेल आणि कारण कंपनीतच बिघाड हे असेल, तर तोट्यात विकणं शहाणपणाचं.

तोट्याचा एक हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. १० टक्के पडलं तर भरून यायला ११ टक्के वाढ लागते, २० टक्के पडलं तर २५, आणि ५० टक्के पडलं तर १०० टक्के. खड्डा जितका खोल तितकं वर येणं जास्तच कठीण, म्हणून खोल खड्ड्यात पडणारी वस्तू घ्यायची तर थोडीच घ्यायची.

एसआयपी बंद करू काय?

एसआयपी म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम फंडात जाणं. समजा ५०० रुपये जातात. युनिटचा भाव ५० असताना १० युनिट मिळाले, ४० असताना साडेबारा, २५ असताना २०. दीड हजारात साडेबेचाळीस युनिट, म्हणजे एक युनिट सरासरी ३५ रुपये ३० पैशाला पडलं. पडत्या बाजारात हप्ता चालू असेल तर स्वस्तातला माल आपोआप जास्त येतो, म्हणून बाजार पडला या एकाच कारणानं एसआयपी बंद करू नये. भाव २५ वरच राहिला तर मात्र तोटाच आहे, एसआयपी काही कवच नाही.

आपली अडचण वेगळी आहे, दर महिन्याला पैसा येतच नाही. त्याले उपाय असा की चुकारा आला की लांबच्या तारखेचा पैसा आधी लिक्विड फंडात टाकायचा (अगदी थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणारा, फार न हलणारा फंड) आणि तिथून दर महिन्याला थोडा थोडा इक्विटी फंडात वळता करायचा. फंडवाल्यांकडं ही सोय असते, एक फॉर्म लागतो. एकाच दिवशी सगळं टाकून दुसऱ्या दिवशी बाजार पडल्याची हुरहुर यात राहत नाही.

वाटणी परत बसवणं

हे काम कोणी करत नाही आणि माझ्या मते हेच सगळ्यात कामाचं आहे. समजा दोन लाख आहेत, निम्मे शेअरमध्ये, निम्मे ठेवीत. शेअर ५० टक्के वाढले, ते दीड लाख झाले, ठेव एक लाख. आता २५ हजार शेअरमधून काढून ठेवीत टाकायचे, परत निम्मं-निम्मं. उलट शेअर ३० टक्के पडले, ७० हजार राहिले, तर १५ हजार ठेवीतून शेअरमध्ये. वर्षातून एकदा, पोळ्याच्या दिवशी म्हणा किंवा पाडव्याला, बातम्या न पाहता. म्हणजे महाग असताना विकणं आणि स्वस्त असताना घेणं आपोआप होते, डोकं लावावं लागत नाही. काढताना फक्त कर आणि एका वर्षाच्या आतली कपात पाहून घ्या, बऱ्याच इक्विटी फंडांत वर्षाआधी काढलं तर १ टक्का कापतात.

ऑप्शन आणि टेलिग्रामच्या टिपा

यावर जास्त लिहायची इच्छा नाही, आकडे सांगतो. सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा हिशोब काढला. फ्युचर-ऑप्शन, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरचे सौदे, करणाऱ्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. पडत्या बाजारातलं नुकसान भरून काढायला पोरं याच्यात उतरतात. दुबार पेरणीसाठी जुगारातून पैसे काढण्यासारखं आहे हे.

"महिन्याला १० टक्के पक्के" असं सांगणारा कोणीही असो, गावातला असो की नात्यातला, पैसे देऊ नका. सल्ला घ्यायचाच तर सेबीकडं नोंदणी असलेल्याचाच, नोंदणी क्रमांक सेबीच्या साइटवर तपासता येतो. ऑनलाइन फसवलं गेलं तर लाजून घरी बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता.

त्या पोराचं काय केलं

बियाण्याच्या पिशवीसोबत मिळालेलं मागच्या वर्षीचं बिल त्याच्या खिशात होतं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही हिशोब केला. पाच एकराचं बियाणं, खत, पहिली फवारणी, निंदणाची मजुरी मिळून ७० हजार, तारीख जून. म्हणजे ९६ हजारांपैकी ७० हजारांवर तारीख होती, २६ हजारांवर नव्हती.

तो म्हणे, "भाऊ, अजून दोन महिने हायेत, थांबलो तर वर नाई येनार काय?" येईलही. पण नाही आलं, आणखी २० टक्के गेलं, तर ९६ चे ७७ हजार होतील, पेरणी झाली की हातात सातच उरतील आणि दुबार पेरणीची वेळ आली तर कृषी केंद्रावर उधारीत वाढीव भावानं बियाणं घ्यावं लागेल. पेरणीचा पैसा वर येईल या आशेवर ठेवायचा नसतो. त्यानं ७० हजार काढायचं ठरवलं. त्या भागावरचा साडेसतरा हजाराचा तोटा पक्का झाला, वर एक टक्क्याची कपात, आणि ते त्याले कागदावर दिसत होतं, मी लपवलं नाही. उरलेले २६ हजार तसेच ठेवले, त्यातून पुढं इंडेक्स फंडाकडं वळू असं बोलणं झालं.

मग त्यानं ते बिल घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवलं आणि म्हणाला, "आता घरी सांगतो बाबाले." मी म्हटलं चाल, मी पण येतो सोबत.